तिसरी किल्ली असतेच कुठे?

पंचवटीतल्या मावशीने परवा एक मेसेज पुढे पाठवला: तीन निळ्या खुणा दिसल्या की तुमचा मेसेज सरकारने वाचला, त्यात एक लाल झाली की कारवाई. हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि निखालस खोटं आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अशी खूणच नाही. पण तिचा पुढचा प्रश्न मोलाचा होता. "सरकारला पाकीट उघडता येतं, मग मेसेज का नाही रे?"

पाकीट अडवून उघडायचा अधिकार 1898 च्या टपाल कायद्यात होता, 2023 च्या नव्या कायद्यातही आहे. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेलं तिकीट लावा, नाहीतर लाखेचा शिक्का मारा. पाकीट फोडता येतंच. मेसेजचं कुलूप निराळ्या जातीचं आहे.

1976 साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मांडलेली, भर गर्दीत दोघांची गुप्त किल्ली ठरवायची युक्ती कागदावर करूनच बघा. 17 आणि 3 हे आकडे जगजाहीर. मावशीने मनात 4 धरला: 3 चा चौथा घात 81, 17 ने भागून बाकी 13. मी 6 धरला: सहावा घात 729, बाकी 15. हे 13 आणि 15 आम्ही एकमेकांना रविवार कारंजावर भर गर्दीत ओरडून सांगितले. आता तिने माझ्या 15 चा चौथा घात करून 17 ने भागला: बाकी 16. मी तिच्या 13 चा सहावा घात करून भागला: बाकी 16 च! कारण दोन्ही वाटांनी आपण 3 च्या 24 व्या घाताशीच पोचतो. हा 16 म्हणजे किल्ली, आणि ती कुणी कुणाला सांगितलीच नाही. गर्दीतला माणूस 17 पर्यंतचे आकडे लावून बघेल. पण 17 च्या जागी सहाशे अंकी मूळ संख्या असली तर आजचे संगणकही थकतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये घातांऐवजी इलिप्टिक कर्व्ह नावाच्या गणिती वक्रावरचे बिंदू असतात, तत्त्व हेच. मधला सर्व्हर म्हणजे कारंजावरची गर्दी: ऐकतो सगळं, पण किल्ली त्याच्याकडे नसते.

2021 च्या आयटी नियमांनुसार 50 लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेने, आदेश आल्यास, मेसेज सर्वप्रथम कुणी पाठवला ते सांगायचं आहे. मजकूर मागितलेला नाही, हे खरं. पण उद्या कुठल्या मेसेजची चौकशी होईल हे आज कुणाला ठाऊक? म्हणून माग ठेवायचा तर सगळ्यांच्या सगळ्या मेसेजचा ठेवावा लागतो. एका संशयिताचं पाकीट उघडणं वेगळं, आणि शहरातल्या प्रत्येक पाकिटावर खूण करून ठेवणं वेगळं. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क मावशीचाही आहे, आणि या नियमाने तो झिजतो असं मला ठामपणे वाटतं.

रविवारी तिच्याकडे गेलो तेव्हा दोघांच्या फोनवर एकमेकांच्या नावाखालचं 'एन्क्रिप्शन', म्हणजे हेच कुलूप, उघडून बघितलं. 60 अंक आले; ते दोन्हीकडे सारखे असले की मध्ये कुणी तिसरा नाही. ती चष्मा लावून मोठ्याने वाचत गेली, मी माझ्या फोनवर बोट फिरवत गेलो. साठच्या साठ जुळले.