आधी वेलांटी की आधी अक्षर?

पुण्यातल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात दोन मुरलेले टायपिस्ट आळीपाळीने एकाच संगणकावर बसत असतील, तर खुर्ची बदलताच कीबोर्डची मांडणीही बदलावी लागते. एकाची बोटे टाइपरायटरवर घडलेली असतात, दुसऱ्याची इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठी केलेल्या संगणकी मांडणीवर. हा फरक नुसत्या सवयीचा नाही.

टाइपरायटरवर कळा मोजक्या, म्हणून अक्षरांचे तुकडे करावे लागले. अर्धा ध किंवा भ उमटवायचा, मग काना देऊन तो पुरा करायचा. कागदावर जे डावीकडे ते आधी, त्यामुळे ‘कि’ लिहिताना वेलांटी पहिली आणि क नंतर.

कानपूरच्या आयआयटीत १९८०च्या दशकात मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. ब्राह्मीतून आलेल्या आपल्या लिप्यांचा वर्णक्रम बव्हंशी एकच; मग कीबोर्डही एकच का नसावा? केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट प्रमाण मांडणी ठरवली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था सुरू झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणणारे कानपूरचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान इथे आले. संगणकात बसवायचे जिस्ट कार्ड हे त्याचेच फळ.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या. ‘के’च्या कळीवर क, शिफ्टसह ख. उच्चाराच्या क्रमाने टाइप करायचे. वेलांटी डावीकडे नेणे, जोडाक्षर घडवणे हे संगणक पाहतो. माझ्या मते मराठीसाठी यापेक्षा सुबुद्ध मांडणी झालेली नाही. तरी छपाईच्या धंद्यात टाइपरायटरची मांडणी टिकली, कारण शिकलेली माणसे तीच वापरत होती. शिवाय तेव्हाच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अगम्य चिन्हे दिसत.

युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरावीक संकेत देणाऱ्या पद्धतीने, ही अडचण दूर केली. १९९१च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची रचना ‘इस्की’ या आधीच्या भारतीय संकेतपद्धतीवरून घेतली होती. विंडोज २००० पासून देवनागरी थेट लिहिता येऊ लागली. डावे ऑल्ट आणि शिफ्ट दाबले की भाषा बदलते.

मराठीचे खास प्रश्न मात्र उरलेच. ‘दुसऱ्या’तला ऱ्य इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे, डी आणि तिरप्या रेघेची कळ अशा क्रमाने येतो. साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह आणि य असाही तो लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण साठवलेले संकेत वेगळे, म्हणून साध्या शोधात एक लिहिले तर दुसरे सापडत नाही. ‘ॲ’ला तर स्वतंत्र संकेत २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. तोवर लोक अ लिहून वर चंद्र देत, आणि अनेक जण आजही देतात. जुन्या मजकुरात ‘ॲसिड’ शोधायचे असेल तर दोन्ही रूपे टाकून पाहावी लागतात. नवे लिहिताना तरी आपण ‘ॲ’ हे एकसंध अक्षरच वापरावे.