पार्श्वभूमी : बिस्मथ टेल्युराइडचे चार अवतार

‘टोपोलॉजिकल इन्सुलेटर’ हे नाव गेल्या वीस वर्षांतले, पदार्थ मात्र जुनेच. आतून रोधक आणि पृष्ठभागावर वाहक, ही त्यांची ओळख. त्यांतले बिस्मथ टेल्युराइड १९५४पासून थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे उष्णतेतल्या फरकापासून वीज देणारे, म्हणून परिचित होते. २००९मध्ये त्याला आणि बिस्मथ सेलेनाइडला हे नवे बिरूद चिकटले.

त्याचा स्फटिक म्हणजे पाच-पाच अणुथरांच्या गड्ड्या: टेल्युरियम, बिस्मथ, टेल्युरियम, बिस्मथ, टेल्युरियम. गड्डीच्या आत बंध पक्के, पण दोन गड्ड्यांमध्ये अगदीच ढिले. चिकटपट्टी लावून ओढली की चकचकीत पापुद्रा निघून येतो! दाब दिला की आधी मिटते ती हीच फट.

दाब द्यायचा कसा? १९५०च्या दशकाअखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक ब्युरोत हिऱ्याची ऐरण तयार झाली. दोन हिऱ्यांची सपाट टोके समोरासमोर, मध्ये धातूच्या पत्र्याला पाडलेले बारीकसे छिद्र, त्यात नमुना आणि माणकाचा कण. लेझर पडला की माणिक लाल चमकते. त्या लालीची तरंगलांबी किती सरकली त्यावरून दाब मोजतात. एक गिगापास्कल म्हणजे सुमारे दहा हजार वातावरणे.

दाबाखाली बिस्मथ टेल्युराइड रूप पालटते आणि (पुरेशा थंडीत) अतिवाहकही होते, म्हणजे विजेला जराही रोध करत नाही, हे सोव्हिएत संशोधकांनी १९७०च्या दशकातच टिपले होते. पण नवी रूपे नेमकी कोणती, हे कोडे जवळजवळ चाळीस वर्षे सुटले नाही. ही रूपे एकमेकांत मिसळलेली असतात, क्ष-किरणांच्या आलेखात त्यांच्या रेषा फुगून एकमेकींवर चढतात. २०११मध्ये चीनच्या जिलिन विद्यापीठातल्या गटाने आधी संगणकावर संभाव्य रचना शोधल्या आणि मग त्या प्रयोगाशी ताडून पाहिल्या. सुमारे ८ गिगापास्कलला थरांची ठेवण मोडते आणि बिस्मथचे शेजारी सहाचे सात होतात. तेराच्या पुढे आठ. साधारण साडेचौदाला तर कमालच: घनाच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी अणू असलेली जाळी, आणि कोणत्या जागी बिस्मथ, कोणत्या जागी टेल्युरियम, याला काही धरबंध नाही. बिस्मथकडून टेल्युरियमकडे इलेक्ट्रॉन सरकल्याने दोन्ही अणू आकाराने जवळपास सारखे होतात, असे त्यांचे स्पष्टीकरण. संयुगाचा चक्क मिश्रधातू झाला.

मला यातली खरी मेख वेगळीच वाटते. त्याच वर्षी बीजिंगच्या गटाला अतिवाहकता दिसली ती ३ गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे मूळ रचना शाबूत असताना. टोपोलॉजिकल इन्सुलेटर हे बिरूद त्या मूळ रचनेचेच, म्हणून या अतिवाहकतेबद्दल टोपोलॉजीच्या भाषेत बोलता तरी येते. बिस्मथ सेलेनाइडमध्ये ती अकराच्या आसपास सुरू होते आणि पन्नासपर्यंत टिकते, पण त्याची मूळ रचना दहाच्या सुमारासच मोडू लागलेली असते.