कंटेनरमधील वापरकर्ता खाती: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचे सॉफ्टवेअर तुमच्याकडे कंटेनर इमेज म्हणून, म्हणजे लागणाऱ्या फाइलींसह बांधलेला गठ्ठा म्हणून येते; ती चालवली की कंटेनर सुरू होतो. सगळे सुरळीत चालू असते आणि एखाद्या दिवशी लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाकारली) दिसते. अशा तक्रारी तपासताना बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते: फाइल कोणाच्या मालकीची, याचा हिशेब कंटेनरच्या आत एक लागलेला असतो आणि बाहेर दुसरा.

कर्नलला नाव कळत नाही

लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, खाते ओळखते ते क्रमांकावरून, म्हणजे यूआयडीवरून. नाव आपल्या सोयीसाठी. नाव-क्रमांकाची जोडी ‘एटसी’ फोल्डरातल्या ‘पासडब्ल्यूडी’ फाइलमध्ये असते. प्रत्येक खात्याची एक ओळ, ओळीत सात रकाने. प्रत्येक इमेज आपली वेगळी फाइल घेऊन येते, पण कर्नल सगळ्यांना एकच, होस्टचे, म्हणजे कंटेनर ज्या मशीनवर चालतात तिचे.

पोस्टग्रेस या डेटाबेसचे पाहा. डेबियन आणि अल्पाइन हे लिनक्सचे दोन प्रकार. त्याच्या अधिकृत डेबियन इमेजमध्ये ‘पोस्टग्रेस’ खात्याचा क्रमांक ९९९ आहे आणि अल्पाइन इमेजमध्ये ७०. डेटाचे फोल्डर ७०० परवानगीचे, म्हणजे फक्त मालकाला उघडणारे. डेबियनचा डेटाबेस आणि अल्पाइनवरचा बॅकअप कंटेनर एकाच व्हॉल्यूमला (कंटेनरबाहेर टिकणाऱ्या डेटाच्या जागेला) जोडले, दोन्हीकडे खाते ‘पोस्टग्रेस’च ठेवले, तरी बॅकअप अडतो. नाव जुळले, आकडा जुळला नाही.

ही चूक आमच्याकडूनही झाली आहे. आमच्या जुन्या इमेजमध्ये आम्ही खाते तयार करत होतो, पण क्रमांक ठरवून देत नव्हतो, मिळायचा ९९९. एका अपडेटमध्ये नवे पॅकेज आले, त्याने ९९९ घेतला आणि आमच्या खात्याला ९९८ मिळाला. ग्राहकांच्या व्हॉल्यूममधल्या जुन्या फाइली ९९९ च्याच राहिल्या आणि नव्या आवृत्तीला स्वतःचाच डेटा वाचता येईना. ज्यांचे काम तेव्हा अडले, त्यांची आम्ही पुन्हा एकदा माफी मागतो.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक इमेजमध्ये यूआयडी १०००१ ठरलेला आहे आणि तो बदलणार नाही. १००० मुद्दाम टाळला: बहुतेक होस्टवर तो खऱ्या माणसाच्या खात्याचा असतो, आणि उबुंटू २४.०४ च्या इमेजमध्ये ‘उबुंटू’ नावाचे खाते त्याच क्रमांकावर आधीच असते.

होस्टवरचे फोल्डर जोडण्याआधी त्याची मालकी १०००१ कडे द्या, नावाने नको, आकड्याने. घाईत ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे करू देणारी परवानगी देऊन मोकळे होऊ नका, ही आमची कळकळीची विनंती. अडचण सुटल्यासारखी वाटते, पण त्या मशीनवरच्या कुठल्याही प्रक्रियेला तुमच्या फाइली बदलता येतात.

तुमचा क्लस्टर क्रमांक स्वतः ठरवत असेल तर

क्लस्टर म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या मशीनांचा समूह; ओपनशिफ्ट ही तो सांभाळणारी एक प्रणाली. ती नेहमीच्या मांडणीत कंटेनरला स्वतःच्या पल्ल्यातला मोठा यूआयडी देते आणि खात्याचा गट शून्य क्रमांकाचा ठेवते. म्हणून आमची लिहायची फोल्डरे गट शून्यच्या नावावर आहेत आणि गटाला मालकाइतकीच परवानगी आहे. अशा वेळी शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘आय हॅव नो नेम’ दिसले तर घाबरू नका. त्या क्रमांकाची ओळ पासडब्ल्यूडी फाइलमध्ये नाही, इतकाच त्याचा अर्थ. आमच्या सॉफ्टवेअरचे त्यावाचून अडत नाही. दुसऱ्या मशीनशी जोडणारे एसएसएच मात्र अशा खात्यावर चालायला नकार देते.

रूट

रूट म्हणजे सर्वाधिकारी खाते, क्रमांक शून्य. वेगळी व्यवस्था केली नसेल तर कंटेनरमधला रूट होस्टवरही क्रमांक शून्यच असतो. त्याचे अधिकार छाटलेले असतात, पण तेवढ्यावर विसंबू नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंटेनर चालवणाऱ्या रनसी या साधनातली त्रुटी उघड झाली; कंटेनरमधल्या रूटला होस्टवरची रनसीची फाइलच बदलता येत होती. यूजर नेमस्पेस, म्हणजे आतले क्रमांक बाहेर वेगळ्या क्रमांकांना जोडणारी सोय, वापरल्यास आतला शून्य बाहेर, समजा, १००००० होतो. जमत असेल तर ते जरूर वापरा, पण मग फोल्डरची मालकीही त्याच हिशेबाने द्यावी लागेल: आतला १०००१ म्हणजे बाहेरचा ११०००१.

पासवर्ड

आमच्या सेवेच्या खात्याला पासवर्डच नाही; ते कुलूपबंद आहे. रिकामा पासवर्ड आणि कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अल्पाइनच्या ३.३ आवृत्तीपासूनच्या अधिकृत डॉकर (कंटेनर चालवायचे साधन) इमेजमध्ये रूटचा पासवर्ड रिकामा राहिला होता, ते २०१९ मध्ये समोर आले.

आमच्या इमेजवर तुम्ही स्वतःची इमेज बांधत असाल तर डेटाबेसचा पासवर्ड तिच्यात कॉपी करू नका. पुढच्या पायरीत फाइल पुसली तरी आधीच्या लेयरमध्ये (प्रत्येक पायरीने इमेजवर चढणाऱ्या थरात) ती तशीच राहते आणि इमेज मिळालेल्या कोणालाही काढता येते. एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलही (कंटेनरला बाहेरून दिलेली मूल्ये) ‘इन्स्पेक्ट’ कमांडने तपासल्यावर उघडे दिसतात. कंटेनर चालू होताना पासवर्ड सीक्रेट फाइल, म्हणजे इमेजबाहेर ठेवलेली गुप्त फाइल, म्हणून जोडा.

मदत मागताना कंटेनरमधल्या ‘आयडी’ कमांडचे उत्तर आणि अडलेल्या फोल्डरची यादी पाठवा. यादी नावांऐवजी क्रमांक दाखवणारी हवी, म्हणजे ‘एलएस’ला ‘एलएन’ जोडून काढलेली, आणि आतून एक, होस्टवरून एक अशा दोन. ‘शॅडो’ फाइल (तिच्यात पासवर्डची सांकेतिक रूपे असतात) किंवा सीक्रेट आम्हाला कधीही पाठवू नका. आम्ही ती मागणार नाही.