छातीत जळजळ : चटणीपेक्षा झडपेकडे बघा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या यंत्रमागावरची पाळी सुटते, घरी उशिरा कडक भाकरी, शेंगा चटणी, वर तेलाचा तवंग असलेलं कालवण पोटभर होतं आणि पाठोपाठ अंथरूण. मध्यरात्री छातीच्या हाडामागे आग होते, घशाशी आंबट पाणी येतं. दोष लागतो चटणीला. तिखटाने आग जास्त जाणवते हे खरं. पण बहुतेकांच्या जठरात आम्ल जास्त नसतंच, ते चुकीच्या जागी पोचलेलं असतं.

अन्ननलिका ही सुमारे 25 सेंटीमीटर लांब स्नायूंची नळी. घास गिळला की आकुंचनाची लाट सेकंदाला 3-4 सेंटीमीटर वेगाने तो खाली ढकलते. तळाशी 3-4 सेंटीमीटरचा स्नायूंचा पट्टा, म्हणजे झडप, एरवी आवळलेली असते. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, हेही तिला बाहेरून धरून ठेवतं. घास आला की ती सैल होते, गेला की मिटते.

मात्र जठर ताणलं गेलं, की काही गिळलेलं नसतानाही झडप 10 सेकंदांहून अधिक काळ सैल पडते. ढेकर याच वाटेने येतो, म्हणून ही सोय शरीराला हवीच असते. भरल्या पोटी हवेसोबत आम्लही निसटतं. तेलकट जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं, पोटाचा घेर खालून दाब देतो, विडी-तंबाखूने झडप आणखी ढिली होते.

वर आलेलं आम्ल दुसरी एक लाट खाली लोटते आणि उरलेलं गिळलेल्या लाळेने निवतं. झोपेत गिळणं जवळपास थांबतं, लाळही आटते. आम्ल तिथेच साचून राहतं, म्हणून रात्रीचा त्रास जास्त इजा करतो.

तेव्हा जेवण आणि झोप यांत 3 तास ठेवा. पाळीमुळे जमत नसेल तर मुख्य जेवण आधी उरका आणि घरी आल्यावर थोडंच खा. डाव्या कुशीवर झोपा. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली 15-20 सेंटीमीटर उंचीच्या विटा ठेवा. उन्हाळ्यात गच्चीवर झोपत असाल तर गादीखाली कंबरेपासून डोक्यापर्यंत चढत जाईल अशा चादरींच्या घड्या रचा. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो.

पँटोप्रॅझोलसारखी गोळी आम्ल कमी करते, झडप घट्ट करत नाही. जेवणाने जागे होणारे आम्लाचे पंप ती बंद पाडते, म्हणून जेवणाआधी 30 ते 60 मिनिटं घ्यायची. जळजळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी त्या रात्री फारशी उपयोगी पडत नाही. महिनोन्‌महिने मनाने घेत राहू नका.

घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी यांपैकी काहीही झालं तर एंडोस्कोपी लांबवू नका. छातीतल्या दुखण्याबरोबर घाम, धाप किंवा हातात-जबड्यात कळ असेल, तर पित्त समजून सोडा पिऊ नका. आधी ईसीजी काढा.