रोबोटिक लसिका ग्रंथी उच्छेदन (फुप्फुसाचा कर्करोग)

फुप्फुसाच्या कर्करोगात रोगट खंड काढताना त्या बाजूच्या लसिका ग्रंथीही (लसिका वाहिन्यांवरच्या लहान गाठी, ज्यांत कर्करोग पसरू शकतो) रोबोटच्या साहाय्याने काढण्याची शस्त्रक्रिया. रोग नेमका कुठवर पोचला आहे हे कळणे, हा तिचा पहिला हेतू. पेट स्कॅनमध्ये (कर्करोगाच्या जागा उजळ दाखवणाऱ्या तपासणीत) निर्दोष वाटलेल्या ग्रंथीत सूक्ष्मदर्शकाखाली कर्कपेशी सापडू शकतात आणि पुढच्या उपचारांची दिशाच बदलते. म्हणून ग्रंथी काढण्यात हयगय झाली, तर खंड कितीही सफाईने काढलेला असला तरी शस्त्रक्रिया अपुरीच मानावी लागते.

छातीतल्या ग्रंथींचे १ ते १४ असे गट पाडलेले आहेत. त्यांतला सातवा गट श्वासनलिका दुभंगते त्याच्या खाली, खोलवर असतो. पुढे हृदयाचे आवरण, मागे अन्ननलिका. अशा अडचणीच्या जागी मनगटासारखी वळणारी अवजारे आणि मोठे, त्रिमितीय दृश्य यांचा खरा उपयोग होतो. ग्रंथी थेट चिमट्यात धरली तर ती फुटते, म्हणून भोवतालची चरबी धरून सगळा पुंजका अखंड सोडवतात आणि बारीक रक्तवाहिन्या लगोलग बंद करतात. डाव्या बाजूला महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) कमानीखालून स्वरयंत्राची नस वळसा घेते. तिला उपकरणाची उष्णता लागली तरी आवाज बसू शकतो. रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. प्रत्येक हालचाल कन्सोलवर, म्हणजे रोबोटच्या नियंत्रण-मंचावर, बसलेल्या शल्यविशारदाची असते.

‘दा विंची’ या शस्त्रक्रियेच्या रोबोट यंत्रणेला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. शांघायच्या रुईजिन रुग्णालयातील ३२० रुग्णांच्या चाचणीत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा रोबोटने जास्त ग्रंथी निघाल्या. गुंतागुंतीचे प्रमाण मात्र जवळपास सारखेच राहिले. निव्वळ आकड्यावर भिस्त ठेवू नये, कारण तुटलेल्या ग्रंथीचे तुकडेही वेगवेगळे मोजले जाऊ शकतात. छातीच्या मध्यभागातले किमान तीन गट आणि फुप्फुसाच्या मुळाशी असलेला एक गट तपासला गेला का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. रोबोटमुळे रुग्ण अधिक जगतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही; खर्च मात्र वाढतो.

भारतात क्षयरोगामुळे आणखी एक पेच पडतो. जुन्या क्षयाच्या ग्रंथी चुनखडीसारख्या कडक होऊन फुप्फुसाच्या धमनीला घट्ट चिकटतात, शिवाय क्षयाच्या ग्रंथी पेट स्कॅनमध्ये कर्करोगासारख्या उजळतात. अशा ग्रंथी सोडवताना धमनी फाटण्याचा धोका दिसला, तर वेळीच छाती उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करतात. हे अपयश नव्हे.