दहा फुटात गेलं की छाती का धडधडते, आणि त्यावरचे उपाय आले कुठून

पुण्यात कुठल्याही टँकवर मोठ्यांच्या बॅचला जाऊन बघा, पाच फुटात छान पोहणारा माणूस खोल साइड आली की कडेला हात लावतोच. दम असतो, स्ट्रोकही बरा असतो, पण छाती धडधडायला लागते. आता काही कोच यावर श्वास मोजायला सांगतात, घरी डोळे मिटून अख्खा लॅप मनात पोहायला सांगतात, आणि लोकांना वाटतं हे नवीन फॅड आलंय. नवीन अजिबात नाही, आणि यातलं बरंचसं मुळात पोहणाऱ्यांसाठी बनलेलंही नव्हतं.

आपल्याकडची जुनी रीत म्हणजे पाठीला डबा बांधायचा आणि काकाने किंवा मामाने विहिरीत ढकलून द्यायचं. जी पोरं त्यातून पट्टीची पोहणारी झाली त्यांचेच किस्से घराघरात ऐकायला मिळतात, जी घाबरली ती परत पाण्याकडे फिरकली नाहीत, आणि माझ्या मते आज चाळिशीत फी भरून शिकायला येणाऱ्यांत तीच जास्त.

ह्याच्या बरोबर उलटी वाट जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरने १९५८ मध्ये पुस्तकातून मांडली. आधी अंग सैल सोडायचं, मग भीतीची सगळ्यात छोटी पायरी, ती जमली की पुढची. अंग सैल सोडायची युक्ती त्याने एडमंड जेकबसनकडून उचलली होती, तो शिकागोचा डॉक्टर, पुस्तक १९२९ चं, मूठ घट्ट आवळा, सोडा, मग खांदे, मग पाय. दोघांसमोर पेशंट होते, स्विमर नव्हेत. खेळाडूंच्या मनावर काम करणारी लॅब कोलमन ग्रिफिथने १९२५ ला अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीत काढली होती खरी, पण १९३२ ला ती बंद पडली.

आणि श्वासाचं म्हणाल तर लोणावळ्याला कैवल्यधाम या योगाच्या संस्थेत स्वामी कुवलयानंद १९२४ पासून एक्स-रे आणि ब्लड प्रेशरची मशीनं लावून योगाचा अभ्यास करत होते. पुण्याहून लोकलने जाता येतं तिथे, आपण मात्र श्वास कसा सोडायचा हे फॉरेनच्या अ‍ॅपवरून शिकतो, असो! पाण्यात श्वासाला एवढं महत्त्व का, तर घाबरलेला माणूस तोंड पाण्यात गेलं की श्वास धरून ठेवतो, बाहेर सोडतच नाही, मग कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुदमरल्यासारखं होतं. हे गुदमरणं बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नसतंच, साठलेल्या त्या गॅसमुळे असतं. म्हणून आधी नुसते बुडबुडे काढायला लावतात, कंटाळवाणं वाटतं, पण अर्धी भीती तिथेच जाते.

कॉन्फिडन्सचं कोडं अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये बऱ्यापैकी सोडवलं. त्याचं म्हणणं, भरवसा सगळ्यात जास्त येतो तो स्वतः करून जमल्यावर, त्यानंतर आपल्यासारख्याच कुणाला तरी जमताना बघून, आणि काठावरून ओरडलेलं ‘येईल येईल, घाबरू नका’ हे त्यापेक्षा बरंच कमी कामाचं. आपल्या टँकवर नेमकं तेच भरपूर मिळतं.

मनात रेस पोहणं जगभर गाजलं ते अमेरिकेचा स्विमर मायकल फेल्प्समुळे. कोच बॉब बोमनने त्याला लहानपणापासून ही सवय लावली होती, काय काय बिघडू शकतं तेही मनात बघायचं. २००८ ला बीजिंगमध्ये २०० मीटर बटरफ्लायला गॉगलमध्ये पाणी शिरलं, पुढचं काही दिसेना, पठ्ठ्या स्ट्रोक मोजत गेला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा वर्ल्ड रेकॉर्ड करून बसला.

हौशी लोकांपर्यंत हे यायला ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं एका दमात) आणि ओपन वॉटर, म्हणजे समुद्रात किंवा तलावात पोहायची क्रेझ कारणीभूत. २०१८ ला पुण्याच्या रोहन मोरेने ओशन्स सेव्हनच्या, म्हणजे जगभरातल्या सात अवघड समुद्री खाड्या पोहून पूर्ण केल्या, आशियातला पहिलाच, आणि २०१९ ला गोव्यात आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन सुरू झाली, त्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं. तिथे तळाची काळी पट्टी नाही, धरायला कड नाही, शेजारच्याची लाथ कधी बसेल सांगता येत नाही, त्यामुळे टँकमध्ये आरामात लॅप मारणारे आयटीवालेसुद्धा कोचला विचारायला लागले की स्ट्रोकचं राहू द्या सर, आधी ह्या धडधडीचं काय करू ते सांगा.