बोटांवरचा जप आणि डोक्यातली बडबड

स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांना किंवा जोडीदाराला घरी सांभाळणारी माणसे हळूहळू स्वतःच खचत जातात. झोप मोडते, चिडचिड वाढते, आणि यातून सुटका कधी हे कोणालाच सांगता येत नाही. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मानसोपचारतज्ज्ञ हेलन लाव्हरेत्स्की यांनी अशा ३९ जणांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी आठ आठवडे रोज १२ मिनिटे शांत संगीत ऐकायचे होते. बाकीच्यांनी तेवढाच वेळ ‘सा-ता-ना-मा’ असा जप करायचा होता आणि प्रत्येक अक्षराबरोबर अंगठा एकेका बोटाला टेकवायचा होता. शेवटी जप करणाऱ्यांच्या नैराश्याच्या लक्षणांत संगीत ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त उतार दिसला. पेशींमधल्या गुणसूत्रांच्या टोकांची डागडुजी करणाऱ्या टेलोमरेज या विकराची (एन्झाइमची) क्रियाही वाढली होती: जप करणाऱ्यांत सरासरी ४३ टक्क्यांनी, संगीत ऐकणाऱ्यांत ३.७ टक्क्यांनी.

या जपाला कीर्तन क्रिया म्हणतात. आपण ज्याला कीर्तन म्हणतो त्याच्याशी तिचा संबंध नावापुरताच आहे. पाठीचा कणा ताठ ठेवून मांडी घालून किंवा खुर्चीवर बसायचे, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. ‘सा’ म्हणताना अंगठा तर्जनीला, ‘ता’ला मधल्या बोटाला, ‘ना’ला अनामिकेला आणि ‘मा’ला करंगळीला टेकवायचा, दोन्ही हातांनी एकाच वेळी. पहिली दोन मिनिटे मोठ्याने, पुढची दोन पुटपुटत, मग चार मिनिटे मनातल्या मनात, पुन्हा दोन मिनिटे पुटपुटत आणि शेवटची दोन मोठ्याने. आवाज उतरत जातो आणि पुन्हा चढतो, पण बोटे सलग चालू राहतात.

ही क्रिया पश्चिमेत पोहोचवली हरभजनसिंग पुरी ऊर्फ योगी भजन यांनी. १९६८ मध्ये ते भारतातून उत्तर अमेरिकेत गेले आणि कुंडलिनी योग या नावाने शिकवू लागले. त्यांच्याबद्दल लिहिताना हेही सांगायला हवे की त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, त्यांच्याच संस्थांनी नेमलेल्या बाहेरच्या तपासात त्यांच्यावरचे लैंगिक गैरवर्तनाचे आरोप खरे असण्याची शक्यता अधिक असल्याचा निष्कर्ष निघाला. क्रिया शिकणाऱ्याने गुरूचे माहात्म्य बाजूला ठेवून क्रियेकडेच पाहावे, असे मला वाटते. मंत्र आणि बोटे यांची जोडी त्यांच्याही फार आधीची आहे. ‘अंगुष्ठाभ्यां नमः, तर्जनीभ्यां नमः’ म्हणत केलेला करन्यास किंवा बोटांच्या पेरांवर मोजलेला जप आपल्याकडच्या कित्येक घरांत आजी-आजोबांनी केलेला आहे. आणि योग प्रयोगशाळेत तपासून पाहायची परंपराही आपल्या दाराशीच सुरू झाली: स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले ते याच हेतूने.

आता बोटांकडे वळू. मेंदूच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या एका पट्टीतून शरीराच्या हालचालींना आज्ञा जातात, तिला लागूनच स्पर्श जाणणारी दुसरी पट्टी असते. मॉन्ट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून या पट्ट्यांचा नकाशा तयार केला. सगळ्या पाठीला आणि पोटाला त्यावर जेमतेम जागा आहे. हात, ओठ आणि जीभ यांनी मात्र मोठा भाग व्यापलेला आहे. कीर्तन क्रियेत नेमके हेच अवयव कामाला लागतात.

त्यात बोटांचा क्रम असतो, ही जास्त महत्त्वाची गोष्ट. १९८० मध्ये डेन्मार्कमधल्या पेर रोलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतला रक्तप्रवाह मोजत लोकांना अंगठ्याने बोटांना ठरावीक क्रमाने स्पर्श करायला लावले. एकच बोट नुसते दाबताना हालचालीच्या पट्टीतच रक्त वाढले. क्रमाने स्पर्श करताना मात्र तिच्या पुढचा, हालचालींची आखणी करणारा भागही जागा झाला. हाच क्रम फक्त मनात करायला सांगितल्यावर पट्टी शांत राहिली, पण आखणीचा भाग काम करतच होता. म्हणजे क्रम सांभाळणे हे बोटांइतकेच मेंदूचेही काम आहे.

जिभेची गोष्ट तर त्याहून सुरस आहे. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी मांडले की ऐकलेले शब्द थोडा वेळ धरून ठेवायला मनात एक वेगळी सोय असते आणि आपण आतल्या आवाजात ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. नवा फोन नंबर लिहून घेईपर्यंत आपण तो असाच टिकवतो. तोंडाने ‘द, द, द’ म्हणत राहून तोच नंबर लक्षात ठेवून पाहा, लगेच अडखळायला होते. त्याच आतल्या आवाजात आपण कालचे भांडण पुन्हा भांडतो आणि उद्याच्या काळज्या उगाळतो. जपाचे अक्षर तिथे ठाण मांडून बसले की या उगाळण्याला जागा कमी उरते. २०१५ मध्ये इस्राएलमधल्या अवीवा बेरकोविच-ओहाना यांच्या गटाने ध्यानाची सवय नसलेल्या लोकांना स्कॅनरमध्ये ‘एक’ या अर्थाचा हिब्रू शब्द मनात घोळवायला सांगितला. मेंदूच्या बऱ्याच मोठ्या भागातली क्रिया मंदावली, विशेषतः आपण स्वतःविषयी विचार करत भरकटतो तेव्हा जागे असणाऱ्या भागांतली. त्या लोकांनी कसलीही साधना केलेली नव्हती. एका शब्दाच्या पुनरावृत्तीने एवढे झाले.

मला या क्रियेतली सगळ्यात विचारपूर्वक केलेली रचना वाटते ती मधल्या चार मिनिटांची. आवाज बंद झाला की मन केव्हा घराबाहेर पडले हे आपल्याला कळतच नाही, साध्या ध्यानात नवखा माणूस नेमका इथेच हरवतो. इथे बोटे ते दाखवून देतात. मन भरकटले की बोट थांबते, नाहीतर ‘ना’ म्हणताना अंगठा तर्जनीवर गेलेला असतो. ते लक्षात येणे आणि पुन्हा ‘सा’पासून सुरुवात करणे हाच खरा सराव आहे. मनाच्या जडणघडणीत काही बदल व्हायचा असेल तर तो अशा परतण्यातून होतो, ध्यानाच्या एखाद्या दिपवून टाकणाऱ्या अनुभवातून नव्हे, असे माझे मत आहे.

श्वासाचाही भाग आहेच. मोठ्याने म्हणताना उच्छ्वास लांबतो. इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांकडून लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ म्हणवून घेतले. दोन्हींत श्वसन आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आले, आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. सा-ता-ना-मा घाईने उरकले तर हा लाभ होणार नाही. एका उच्छ्वासात अक्षरे सावकाश बसवावीत.

इतके सगळे असूनही दावे तपासून घ्यायला हवेत. तर्जनी गुरूची, मधले बोट शनीचे, जीभ टाळूवरच्या ८४ बिंदूंना चेतवते, असे या परंपरेत सांगतात. शरीररचनाशास्त्रात असे बिंदू सापडलेले नाहीत. टेलोमरेजचा आकडाही ३९ जणांवरचा आहे, आणि विकराची क्रिया वाढली म्हणजे आयुष्य वाढले असे होत नाही. अँड्र्यू न्यूबर्ग यांच्या २०१० च्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या जपानंतर मेंदूच्या पुढच्या भागातला रक्तप्रवाह वाढलेला दिसला, पण त्यात जप करणारे फक्त १४ जण होते. शिवाय त्याचा खर्च या क्रियेचा प्रसार करणाऱ्या एका प्रतिष्ठानाने उचलला होता.

मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या किम इन्स यांचा अभ्यास. ‘हल्ली विसरायला होतं’ अशी तक्रार असलेल्या ६० वयस्कर लोकांपैकी निम्म्यांनी रोज १२ मिनिटे कीर्तन क्रिया केली, निम्म्यांनी संगीत ऐकले. बारा आठवड्यांनी स्मरणशक्तीच्या चाचण्यांत दोन्ही गट सुधारले, आणि सहा महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती. याचा अर्थ काही फायदा रोज ठरलेल्या वेळी शांत बसण्याचाच असावा. यात मला जपाचा पराभव दिसत नाही. ज्याला जपाचा कंटाळा आहे त्याला दुसरी वाट मोकळी आहे, इतकेच.

शिकायचे असेल तर पहिला आठवडा बोटे आणि अक्षरे जुळवण्यातच घालवावा. बारा मिनिटे जड वाटली तर त्याच प्रमाणात सहा मिनिटे करावीत: एक, एक, दोन, एक, एक. संधिवात असलेल्यांनी नुसता हलका स्पर्श करावा, दाबू नये. डोळे मिटल्यावर जुने भयंकर प्रसंग अंगावर येत असतील तर डोळे उघडे ठेवून करावे, आणि तरीही त्रास होत असेल तर थांबून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. नैराश्याची औषधे चालू असतील तर ती जपाच्या भरवशावर बंद करू नयेत.

किम इन्स यांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पहिल्या तीन महिन्यांत लोकांनी नव्वद टक्क्यांहून जास्त दिवस सराव केला. पुढचे तीन महिने सराव ऐच्छिक होता, कोणाचे बंधन नव्हते, तरीही सुमारे सत्तर टक्के सराव चालूच राहिला. व्यायाम आणि पथ्य इतके दिवस टिकवणे किती कठीण असते हे कोणत्याही डॉक्टरला विचारावे. या सरावाला साधन लागत नाही, वेगळी खोली लागत नाही, आणि रुग्णाच्या उशाशी बसूनही तो करता येतो.